ओट्यावरचं आरओ आणि दाराआडची वही

पुण्याजवळच्या वाघोलीच्या घरात राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात तुरीची डाळ शिजेना. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाताखाली कचकचत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बोअरचं पाणी आहे गं. वरण पिण्याच्या पाण्यात लाव." पिण्याचं पाणी म्हणजे प्रत्येकाच्या घरातलं आरओचं पाणी. सोसायटीत नळाचं पाणी कुणीच पीत नव्हतं. आम्ही भाडेकरू, घरमालकाच्या टाइल्सना भोक पाडायची सोय नाही. म्हणून ओट्यावर ठेवायचं छोटं यंत्र घेतलं. नळजोडणी नाही, भिंतीत खिळा नाही. मागच्या टाकीत पाणी ओतायचं, प्लग लावायचा, पुढच्या तोटीतून गोड पाणी घ्यायचं. घर बदललं की यंत्र उचलायचं आणि चालू लागायचं.

त्या यंत्राला आता सहा वर्षं झाली. माझ्याबरोबर त्यानंही दोन घरं बदलली. या काळात मेकॅनिकला तीनदाच बोलावलं, आणि पहिल्या वेळी त्यानं जे बदललं ते बदलायची गरजच नव्हती. त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या दाराआड एक चाळीस पानी वही टांगलेली आहे. हा लेख त्या वहीबद्दल आहे. यंत्र कोणतं घ्यावं हे मी सांगणार नाही. ते सांगणारे दुकानात पुष्कळ आहेत.

तरी त्याआधीचा एक प्रश्न टाळता येत नाही. तुम्हाला आरओ लागतं का?

वाघोलीआधी आम्ही कोथरूडला होतो. तिथं महापालिकेचं, खडकवासल्याचं पाणी. माझ्या मीटरवर त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, कायम शंभराच्या आत असायचा. अशा पाण्यातून आरओनं काढायचं तरी काय? पण एका दुपारी एक विक्रेता दारात आला. त्यानं दोन पेले मागितले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं. दोन्हींत धातूचे दांडे असलेलं उपकरण बुडवून बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी-काळं झालं, वर फेस आला, तळाशी गाळ. त्याचं पाणी तसंच निवळ. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. विक्रेता म्हणाला, "हे तुम्ही रोज पिता."

तो गाळ पाण्यातला नव्हता, दांड्यांचा होता. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडाचे, अॅल्युमिनियमचे दांडे झिजून त्यांचा गंज पाण्यात उतरतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज जेमतेम वाहते, म्हणून तिथं काही होत नाही. तुमच्या गावाकडच्या उत्तम झऱ्याचं पाणीसुद्धा या यंत्रात काळंच पडेल. विक्रेत्याच्या बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा बटण दाबायला सांगा, प्रयोग तिथंच संपतो. मला हे तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं. अशा गोष्टी नेहमी नंतरच सुचतात.

भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चालतो. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं, की जिथं टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथं आरओला बंदी घाला, आणि जिथं परवानगी द्याल तिथं निदान ६० टक्के पाणी वापरात आलं पाहिजे. कायद्याचं पुढं काय व्हायचं ते होवो. तुमच्या स्वयंपाकघरासाठी हा नियम आजही चोख आहे. धरणाचं, महापालिकेनं शुद्ध केलेलं पाणी येत असेल तर साधा गाळणीचा किंवा यूव्हीचा फिल्टर पुरे, नाहीतर पाणी उकळा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल, मीटर सातशे-आठशे दाखवत असेल, किंवा पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट असेल, तर मात्र आरओ घ्या.

टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं. पेनाएवढं असतं. यंत्राआधी ते विकत घ्या.

पण मीटरवर फार विसंबूही नका. ते पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा आकडा दाखवतं. जंतूंचा आकडा त्यात नसतो. नाल्याचं पाणी मिसळलेल्या नळाच्या पाण्याचा टीडीएस दीडशेही असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गिलेन-बॅरे सिंड्रोमचे, रुग्ण अचानक वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, आणि महापालिकेनं त्या भागातले खासगी आरओ प्रकल्प तपासून काहींना टाळं ठोकलं. जारमधून घरोघर जाणारं ते पाणी गोड होतं, टीडीएसही कमी असणार. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून पुढं ते ज्या टाकीत, ज्या जारमध्ये पडून राहतं तिथं जंतूंना मोकळं रान मिळतं. महापालिकेच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन राखायचं असतं ते याचसाठी. जी गोष्ट त्या प्रकल्पाच्या टाकीची, तीच तुमच्या ओट्यावरच्या यंत्राच्या टाकीची. म्हणून पुढचं सगळं.

आत काय चाललेलं असतं ते थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की देखभाल पाठ करावी लागत नाही. पाणी आधी दोऱ्याच्या गुंडाळीसारख्या पांढऱ्या फिल्टरमधून जातं. त्याला मेकॅनिक स्पन म्हणतात, काही घरांत अजून कँडल म्हणतात. तो माती, गंज, गाळ अडवतो. मग कोळशाचा, म्हणजे कार्बनचा फिल्टर क्लोरीन आणि वास शोषतो. त्यानंतर पंप हे पाणी दाबानं मेंब्रेनमधून ढकलतो. मेंब्रेन म्हणजे गुंडाळलेला पातळ पडदा. त्यातून पाणी पलीकडे जातं, बहुतेक क्षार अलीकडे राहतात. अलीकडे साठलेले क्षार धुऊन नेण्यासाठी काही पाणी सतत बाहेर सोडावं लागतं, तेच वेस्टचं पाणी. हा पडदा कामाचा कसा करायचा ते १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी शोधून काढलं. खारं पाणी गोड करायची युक्ती म्हणून ती सुरू झाली. कोथरूडच्या नळासाठी नव्हे.

घरच्या यंत्रांत आज जो पडदा असतो तो क्लोरीननं खराब होतो. ही एक गोष्ट मनात पक्की ठेवा. टँकरवाले ब्लीचिंग पावडर सढळ हातानं टाकतात. कार्बन फिल्टर ते क्लोरीन अडवतो, पण तो संपला की सांगत नाही. स्पन मळला की डोळ्याला दिसतो, पाण्याचा वेगही कमी होतो. कार्बन मात्र गुपचूप संपतो, आणि पुढं तीन-चार महिन्यांत दोन हजारांची मेंब्रेन जाते. म्हणून कार्बनला फक्त तारीखच उपयोगी. आमच्याकडे टँकरचं पाणी होतं तेव्हा मी सहा महिन्यांनी बदलत होते, आता चांगलं पाणी आहे तर वर्षानं बदलते.

आता ओट्यावरच्या, हातानं पाणी भरायच्या यंत्राची एक खोड सांगते. माहितीपत्रकात ती बारीक अक्षरांत असते, आणि घराघरांत चूक हीच होते. अशा पुष्कळ यंत्रांत वेस्टचं पाणी मोरीत न जाता पुन्हा मागच्या टाकीतच येतं. समजा तुम्ही पाच लिटर पाणी ओतलंत, टीडीएस ६००. त्यातून तीन लिटर गोड पाणी निघालं. मागं उरलेल्या दोन लिटरांत जवळजवळ सगळे क्षार तसेच आहेत, म्हणजे त्याचा टीडीएस १४०० च्या पुढं गेलेला आहे. इथं आपण काय करतो? टाकी अर्धी रिकामी दिसते म्हणून वरून तीन लिटर ओततो. झालं, दुसरी फेरी ६०० ने सुरू न होता ९४० च्या आसपास सुरू होते, आणि तिच्या अखेरीस मागची टाकी सव्वादोन हजारांच्या पुढं जाते. घरगुती यंत्रांची मर्यादा बहुधा दोन हजार असते. असं आठवडाभर चाललं की मेंब्रेनवर पांढरा थर धरतो, आणि मग "कंपनीचा माल हल्ली चांगला येत नाही".

उरलेलं पाणी प्रत्येक वेळी ओतून टाका. टाकीला एक हिसका देऊन खळखळून घ्या, मग नवीन भरा. वेगळी वेस्टची टाकी असलेलं यंत्र असेल तर तीही प्रत्येक फेरीला रिकामी करा, नाहीतर ती भरून वाहते आणि पाणी प्लगकडं जातं. मी हे घरातल्या मुलांना शिकवलं, नवऱ्याला मात्र अजून शिकवते आहे.

टाकीत काय ओतू नये तेही सांगते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, विदर्भात तर विचारूच नका. मेंब्रेनला ४५ अंशांपुढचं पाणी सोसत नाही. पाणी आदल्या रात्री बादलीत काढून ठेवा. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपली जुनी रीत चांगली आहे, पण तुरटीचा कापसासारखा गाळ यंत्रात गेला तर फिल्टर आठवड्यात चोंदतो. पाणी रात्रभर निवळू द्या, वरचंच घ्या, तेही फडक्यातून गाळून. मागची टाकी खडखडीत पांढरी पडली असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं घासा, पण ते पाणी यंत्रातून चालवू नका, तसंच उपसून टाका.

आता वही. तिच्यात मी काय लिहिते? महिन्याच्या पहिल्या रविवारी चार नोंदी. भरलेल्या पाण्याचा टीडीएस, निघालेल्या पाण्याचा टीडीएस, एक लिटरची बाटली भरायला लागलेली मिनिटं, आणि कुठला फिल्टर बदलला असेल तर तो. बस्स. वाघोलीच्या पहिल्या पानावर आहे: ९२०, ५८, पाच मिनिटं. म्हणजे यंत्र शंभरातले जवळजवळ चौऱ्याण्णव क्षार अडवत होतं. नुसता निघालेल्या पाण्याचा आकडा पाहून काही कळत नाही. ५८ चा आकडा ९२० मधून आला तर यंत्र ठणठणीत, आणि १२० मधून आला तर मेंब्रेन थकलेली. दोन्ही आकडे लागतात.

मोजताना घाई नको. रात्रभर बंद असलेल्या यंत्राचं सकाळचं पहिलं पाणी नेहमी थोडं जास्त टीडीएस दाखवतं, कारण बंद असताना क्षार पडद्यातून हळूहळू पलीकडे झिरपतात. पहिला पेला-दोन पेले सोडून द्या, मग मोजा. डिसेंबर-जानेवारीत बाटली भरायला जास्त वेळ लागतो, त्यात यंत्राचा दोष नाही. थंड पाणी पडद्यातून सावकाश जातं. त्या दिवसांत फोन करून सर्व्हिसवाल्याला बोलावणारे पुष्कळ, आणि तोही काहीतरी बदलून जातो.

मीही तशीच फसले. तेव्हा वही नव्हती. पहिल्या पावसाळ्यात पाणी बारीक झालं, बाटलीला दहा मिनिटं लागू लागली. मेकॅनिक आला, उघडून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मॅडम, मेंब्रेन गेली." अडीच हजार घेतले. दुसऱ्या दिवशीही पाणी तेवढंच बारीक. तो परत आला, आणि या वेळी स्पन बदलला. दोनशे रुपयांचा, चिखलानं कॉफीच्या रंगाचा झालेला. पाणी धो धो आलं. तोवर जुनी मेंब्रेन त्याच्या पिशवीतून गेली होती, तिचा टीडीएस मी मोजलेलाही नव्हता. तो लबाड होता की अडाणी, ते मला आजही सांगता येणार नाही. मी अडाणी होते हे नक्की.

आता इतकं कळतं. पाणी बारीक झालं, पण टीडीएस पूर्वीइतकाच असेल तर दोष बहुधा मेंब्रेनआधीच्या फिल्टरमध्ये, म्हणजे स्पन किंवा कार्बन चोंदलेला. क्वचित पंप थकलेला असतो. पाणी बारीक आणि टीडीएसही हळूहळू चढलेला, तर मेंब्रेनवर क्षार धरलेत. पाणी पूर्वीपेक्षा जोरात येतंय आणि टीडीएस एकदम दुप्पट-तिप्पट, तर पडदा फाटला किंवा आतली रबराची रिंग जागची सरकली. रिंग सरकली असेल तर दहा रुपयांत काम होतं, म्हणून आधी ती बघायला सांगा. शंभरातले ऐंशी क्षारही अडेनात तेव्हा मी मेंब्रेन बदलते. ती एकदा दीड वर्षात बदलावी लागली, एकदा अडीच वर्षं चालली. ठराविक तारखेला मेंब्रेन बदलायची गरज नाही. कार्बनचा नियम इथं लागू नाही, कारण मेंब्रेन आपली तब्येत मीटरवर सांगते.

मेकॅनिकच्या हातात आणखी एक गोष्ट असते. पुष्कळ यंत्रांत चवीसाठी एक छोटा स्क्रू असतो, त्याला टीडीएस कंट्रोलर म्हणतात. तो उघडला की मेंब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी गोड पाण्यात मिसळतं. पाणी फारच मिळमिळीत लागत असेल तर तो थोडा उघडायला हरकत नाही, मी स्वतः पन्नासच्या खाली पाणी जाऊ देत नाही. पण यवतमाळ, चंद्रपूर, किनवटसारख्या फ्लोराइडच्या भागात राहत असाल, किंवा विहिरीत शेतातलं नायट्रेट उतरत असेल, तर हा स्क्रू बंदच ठेवायला सांगा. ज्यासाठी यंत्र आणलं तेच विष मागच्या दारानं पेल्यात येतं, आणि यूव्हीच्या दिव्याला फ्लोराइडशी काही देणंघेणं नसतं. मेकॅनिक जाण्याआधी त्याच्यादेखत पुन्हा टीडीएस मोजा. तो रागावत नाही. फार तर पुढच्या वेळी जपून बोलतो.

स्पन बदलायला मात्र त्याला बोलवायची गरज नाही. प्लग काढा. पाणी असेल तेवढं उपसा. स्पन ज्यात बसतो त्या बाउलच्या खाली परात ठेवा, कारण कितीही काळजी घेतली तरी पेलाभर पाणी सांडतंच. यंत्राबरोबर आलेल्या पान्यानं बाउल फिरवा, पाना हरवला असेल तर जाड रबरी फडकं घ्या, पकड लावू नका, प्लॅस्टिक चिरतं. आतला स्पन काढा, बाउल भांड्याच्या साबणानं धुऊन त्याचा वास जाईपर्यंत खळखळा. रबराची रिंग खाचेत नीट बसली आहे ना ते बोटानं फिरवून बघा. ती कोरडी पडली असेल तर खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉनचं ग्रीस मिळतं, ते डाळीएवढं पुरतं. खोबरेल लावू नका, ते खवट होतं. पेट्रोलियम जेलीही नको, तिनं काही रबर फुगतं. बाउल हातानंच घट्ट करा, पान्यानं फक्त शेवटचा पाव फेरा. नवीन फिल्टर घातल्यावर पहिलं टाकीभर पाणी टाकून द्या, कार्बन नवा असेल तर त्यात कोळशाची काळी भुकटी येते. मेंब्रेन नवी असेल तर दोन टाक्या. बाउल पारदर्शक असेल आणि यंत्र खिडकीशी असेल तर आत शेवाळ धरतं, म्हणून मी त्याच्यावर जुन्या साडीचा तुकडा शिवून घातलाय. दिसायला बरं नाही. चालतं.

गोड पाण्याची पुढची टाकी पंधरा दिवसांनी धुवायची, आणि हे काम सगळ्यांत जास्त राहून जातं. आत हात घालून बघा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचा थर. साध्या साबणानं आणि मऊ स्पंजनं घासा, तोटी उघडून आतून ब्रश फिरवा. लहान बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल तर पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या द्रावणाचे थोडे थेंब टाकलेलं पाणी टाकीत अर्धा तास ठेवून नंतर दोनदा खळखळून टाका. ते फक्त पुढच्या टाकीत, मागच्या टाकीत कधीही नाही. का ते वर सांगितलंच आहे. तोटीला खरकटा हात लावू नका, पेला तोटीला टेकवू नका. पाणी रोज लागेल तेवढंच काढा, दोन दिवसांवर साठवू नका.

सुट्टीत गावी जाताना दोन्ही टाक्या रिकाम्या करून झाकण किलकिलं ठेवा आणि प्लग काढा, उंदरांना नळ्या आणि मुंग्यांना अॅडॉप्टर फार आवडतो. परत आल्यावर पहिली टाकी पिऊ नका. पंधरा दिवसांपर्यंत एवढं पुरतं. त्याहून जास्त दिवस जायचं असेल तर मेंब्रेन कोरडी पडता कामा नये. एकदा वाळलेला पडदा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. मी मेंब्रेन काढून थोड्या स्वच्छ पाण्यासकट प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत बांधते आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. बर्फाच्या कप्प्यात नाही.

घर बदलताना यंत्र टेम्पोत देऊ नका. पाणी उपसून, नळ्यांच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधून रिक्षात मांडीवर उभं न्या. आमच्या पहिल्या घरबदलीत ते गादीखाली आडवं गेलं आणि यूव्हीची नळी फुटली. नव्या घरी पोचल्यावर आधी नळाच्या पाण्याचा टीडीएस मोजा आणि वहीत नवीन पान सुरू करा. आमच्या सध्याच्या घरी तो १४० आहे. खरं सांगायचं तर आता या यंत्राची मला गरज उरलेली नाही. धाकटी जाऊ वाघोलीला राहायला गेली आहे, पुढच्या महिन्यात यंत्र वहीसकट तिच्याकडं जाईल.

वेस्टच्या पाण्याबद्दल थोडं. हातानं भरायच्या यंत्रात पाच लिटरांतले तीन हाती लागतात, हे बरंच म्हणायचं. भिंतीवरच्या नळजोडणीच्या साध्या यंत्रात एक लिटर गोड पाण्यामागे तीन लिटर मोरीत जाऊ शकतात. चार माणसांच्या घराला पिण्या-रांधण्याला दिवसाला बारा लिटर धरा, म्हणजे छत्तीस लिटर रोज बाहेर. वर्षाचे तेरा हजार लिटर. दहा हजारांचा आख्खा टँकर आणि वर तीन हजार. ती नळी मोरीत न सोडता बादलीत सोडा. फरशी पुसायला, संडासात, खरकटी भांडी पहिल्यांदा विसळायला ते चालतं. झाडांना घालू नका, विशेषतः कुंडीतल्या. तुळस आधी जाते. कूलरमध्येही नको, जाळीवर क्षार धरतात. आणि यंत्र बंद असतानाही वेस्टची नळी ठिबकत असेल तर सॉलेनॉइड व्हॉल्व्ह बिघडला आहे, तो त्याच आठवड्यात बदलून घ्या.

आता गावाकडच्या पाण्याबद्दल. माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. आजीच्या हातचा चहा खारट लागायचा आणि आम्हाला तीच चहाची चव वाटायची. तिथल्या काही बोअरचं पाणी घरगुती यंत्राच्या दोन हजारांच्या मर्यादेच्याही पुढचं आहे. तिथं मुंबई-पुण्याच्या जाहिरातीतलं छोटं यंत्र आणून काही महिन्यांत मेंब्रेन घालवू नका. आधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, तिथं फ्लोराइड, नायट्रेट, काठिण्य सगळं कळतं. जलजीवन मिशनमध्ये गावागावांतल्या पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवण्याची योजना आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच कोण, ते ग्रामपंचायतीत विचारा आणि पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा त्यांच्याकडून पाणी तपासून घ्या. जंतू तपासायची छोटी बाटलीही असते, पाणी भरून एक-दोन दिवस उबेत ठेवायची, काळं पडलं तर दूषित. नळयोजनेचं गोड पाणी दारात येत असेल तर तेच प्या आणि बोअरचं पाणी धुण्याभांड्याला ठेवा.

आणि तुमच्या ओट्यावर यंत्र असेलच, तर त्याचा स्पन शेवटचा कधी बदलला ती तारीख आत्ता आठवून बघा. आठवली नाही, तर उद्या सकाळी चहाआधी प्लग काढा, खाली परात ठेवा आणि बाउल उघडा.